खाली धरलेलं बोट

"काजं आंधळी झालीत सगळी," कपाटाच्या दाराआड नवरा पुटपुटत होता. "एकालाही डोळा नाही."

पलीकडे मी चादरींच्या घड्या करत होते. दाराखालून त्यांचे पाय दिसत होते आणि पायांशी भिरकावलेला निळा शर्ट. जरा वेळानं ते बाहेर आले, तर अंगात गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जाकीट. बाहेर चक्क ऊन पडलं होतं. स्कॉटलंडच्या या ईशान्य किनाऱ्यावर ऊन जावयासारखं येतं, क्वचित आणि मान घेऊन. ते आलं की आमच्या इन्व्हरडूर गावचे लोक अंगावरचं एकेक उतरवू लागतात. आमच्याकडे चढवणं चाललं होतं.

"उकडेल," मी म्हटलं.

"समुद्रावर वारा असतो."

"समुद्रावर सोमवारी जायचंय ना?"

"आजपासून सवय करतोय."

ते गेल्यावर मी शर्ट उचलून उजेडात धरला. काजं चांगली डोळस होती.

नवऱ्याचं नाव धैर्यशील. इचलकरंजीत ते शोभून दिसायचं. इथले लोक त्याचं 'शील' करून मोकळे झाले. समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्या तपासणं हे त्यांचं काम. हिवाळाभर चढणं बंद असतं, वसंतात हंगाम उघडतो. खांबाच्या आतल्या शिडीनं वर जायचं, माथ्यावर बाहेर पडायचं आणि पुढे सरकताना कमरेच्या पट्ट्याचा हुक एका कडीतून काढून पुढच्या कडीत अडकवायचा. माणूस आणि समुद्र यांच्यात तेवढा एक हुक. हंगामाची पहिली चढाई येत्या सोमवारी होती, आणि आमच्या घरात त्या आठवड्यात सोमवार सोडून बाकी सगळ्या वारांबद्दल बोलणं चालू होतं.

मी गावच्या संग्रहालयात काम करते. हुपरीला माझ्या वडिलांचं चांदीचं काम होतं. मुलींच्या हातात फुंकणी देत नसत, पण बघायला बंदी नव्हती. बघून बघून जेवढं आलं, तेवढ्यावर मी इथं जुन्या दागिन्यांच्या नकला करते. खरे दागिने काचेत बसतात, नकला शाळेच्या सहलींच्या अंगावर.

हे दागिने पिक्ट लोकांचे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधी हा मुलूख त्यांचा होता. दगडांवर मासे, बैल आणि कुणालाही न उलगडलेल्या खुणा कोरून ठेवल्या, पण स्वतःबद्दल एक धड वाक्य मागे ठेवलं नाही. ठेवली ती चांदी. तीही मूळची त्यांची नव्हे. रोमन लोकांना हा प्रदेश जिंकता आला नाही, तेव्हा इथल्या सरदारांना ताटं-वाडग्यांचे तुकडे देऊन गप्प बसवत असावेत, असं जाणकार म्हणतात. पुढं रोमन गेले, चांदी यायची थांबली. मग होती तीच आटवायची, तिचं नवं काही घडवायचं, आणि कंटाळा आला की पुन्हा आटवायचं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम माहेर आठवलं. आमच्याकडेही कुठल्याही दुःखावर तोच इलाज असे. सासरी पटेना, आटवून टाक ते तोडे. सासू गेली, आटवून टाक तिची जोडवी, घे नवं काही.

आमच्या संग्रहालयाचा मान म्हणजे एक शालपिन. कडं, पण पूर्ण न मिटलेलं, एका जागी फट ठेवलेलं. त्या कड्यावर सरकणारी लांब टाचणी. टाचणी शालीच्या दोन्ही पदरांतून आरपार घालायची, तिचं टोक फटीतून वर काढायचं आणि कडं जरा फिरवायचं. झालं. बटण नाही, काज नाही, कपाटाआड पुटपुटणं नाही.

ही पिन कुणी लावत होतं, कशी लावत होतं, हे समजावं म्हणून क्रमवाचक आला.

क्रमवाचक म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगते. चांदी वरून एकसंध दिसते, पण आतून ती रव्याच्या लाडवासारखी दाण्यादाण्यांची असते. प्रत्येक दाण्यात अणूंचे थर, पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक. चांदी वाकवली की थर घसरतात, पण सगळे एका दमात नाही. कुठंतरी एक सुरकुती अडकून राहते. पुढच्या वेळी पुढची सुरकुती, आधीच्या सुरकुतीला अडलेली. म्हणूनच तार वाकवत राहिलं की ताठ होत जाते. आत सुरकुत्या असतात हे विज्ञानाला फार पूर्वीपासून माहीत होतं. कुठली आधीची आणि कुठली नंतरची, ते सांगता येत नव्हतं. या यंत्रानं ते जमवलं. दागिन्याला धक्का न लावता क्ष-किरणांची बारीक शलाका त्यातून हजारो कोनांनी जाते आणि लोकरीचा गुंता सोडवावा तसा सुरकुत्यांचा गुंता शेवटाकडून सुरुवातीकडे सोडवला जातो. प्रत्येक सुरकुतीमागं एक हालचाल. हालचालीमागं एक हात.

ही आठवण पुसणारी एकच गोष्ट आहे, आग. चांदी लालसर होईपर्यंत तापवली की दाणे नव्यानं जुळतात, ती मऊ होते आणि सगळं विसरते. सोयीचं तेवढं ठेवून बाकीचं नव्हे. सगळंच.

यंत्र आलं पिक्टांसाठी, पण यंत्रं काही एका घरी टिकत नाहीत. बघता बघता ते कोर्टात गेलं, बांगडी हिसकावली की स्वखुशीनं दिली ते सांगायला. मग विमावाल्यांकडे. मग कोल्हापुरात पाटी लागली, पैंजण वाचून मिळतील. मुलगी पाहायला जाणारे लोक तिचे जुने पैंजण मागू लागले, ती हळू चालते की धावत जिने उतरते ते कळावं म्हणून. हुपरीहून माझा भाऊ भरतेश फोनवर सांगत होता, "ताई, नवं कोण घडवतंय आता? लोक जुनं घेऊन येतात आणि म्हणतात, तापवून कोरं करून द्या. परवा एक आजोबा आले बायकोचा छल्ला घेऊन. ती गेली मागच्या वर्षी. म्हणाले, आत काही असेल-नसेल, आपल्याला कळायला नको."

"मग तापवलास?"

"म्हटलं, भट्टी बंद आहे. उगाच."

प्रत्येक ठिकाणी यंत्राला नव्यानं शिकवावं लागतं. ज्यांचा वापर आपल्याला पक्का ठाऊक आहे अशा वस्तू आधी दाखवायच्या, मग अनोळखी पिन. माझ्या वरच्या बाई, मॉराग, साठीच्या, बोलायला फटकळ आणि बिस्किटांच्या बाबतीत उदार, त्यांनी सगळ्यांकडे घरातली चांदी मागितली. मी नवऱ्याची बटणं नेऊन दिली. आमच्या लग्नात वडिलांनी जावयासाठी घडवलेली, साखळीत ओवलेली चांदीची बटणं. सगळा जन्म पैंजण घडवण्यात गेलेला हात, त्याला राहवलं नाही. प्रत्येक बटणाखाली एक मुगाएवढं घुंगरू लावून दिलं. जावई बोलायच्या आधी ऐकू येतो, असं माझी आई म्हणायची. पाडवा, दिवाळी, कुणाचं लग्न, एवढ्यालाच ती निघतात.

"याहून सोपा धडा नाही," मी मॉरागना सांगितलं होतं. "एकच माणूस, आणि स्वतःच लावतो. आमच्याकडे पुरुषांची बटणं बायका लावत नाहीत, तुटली तर शिवतात."

जाकीट चढवलं त्या दिवशी मी कामावर पोचले तेव्हा त्या पडद्यासमोर बसल्या होत्या. पडद्यावर दोन आलेख.

"हा आपला सरदार," त्या म्हणाल्या. "आणि ही तुझी बटणं. बघ."

"सारखेच दिसतात."

"म्हणून तर बसलेय. आधी वाटलं यंत्र घोटाळलं." त्यांनी पहिल्या आलेखावर बोट ठेवलं. "पिनचं बघ. सुरुवातीला एक उजवा हात, आपल्याच छातीशी. एका दमात आत, एका दमात वळण. वर्षानुवर्षं तसंच. मग इथून टाचणी आत जाते, परत येते. जाते, परत येते. चुकलेले प्रयत्न. आणि मग दुसरा हात. समोरून."

"नोकर असेल."

"मीही तेच म्हटलं. पण हा दुसरा हात टाचणी घालताना कापडाखाली आपलं बोट धरतो. टाचणी बोटावर टेकते आणि तिथं जराशी वाकते, दर वेळी. समोरच्याच्या छातीला टोचू नये म्हणून." त्यांनी चहाचा कप जवळ ओढला. "नोकरही धरील म्हणा. पण या लोकांना चांदी आटवायची एवढी हौस, आणि ही पिन कुणी आटवली नाही. तशीच पुरून ठेवली."

मग त्यांनी दुसऱ्या आलेखाकडे हात केला. तो मला समजावून सांगावा लागला नाही. वर्षानुवर्षं एक हात. मग जाते, परत येते. मग समोरून दुसरा.

"हा डावखुरा आहे," मॉराग म्हणाल्या. "तू डावखुरी आहेस का?"

"नाही."

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, आणि ते विरघळून तळाशी जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईच्या मनात अशा वेळी काय काय येतं, ते मी लांबवत नाही. इथल्या मराठी मंडळातल्या एकदोन जणी डोळ्यांसमोरून जाऊन आल्या, त्यातली एक तर आजारानं अंथरुणाला खिळलेली होती. कोण उजव्या हातानं वाढते, कोण डाव्या, ते आठवत मी वाळूतून चालत घरी आले. स्वयंपाकघरात मुक्ता, आमची मुलगी, काकडी चिरत होती. सुरी डाव्या हातात.

मी पर्स खाली ठेवली.

"बाबांची बटणं तू लावतेस?"

"कुठली बटणं?"

"चांदीची."

तिची सुरी थांबली नाही. "पाडव्याला तू सकाळीच मंडळात पोळ्या लाटायला जातेस. दिवाळीला फराळ मांडायला. मग कुणी लावायची?"

"त्यांना हात नाहीत?"

आता थांबली. "ते तू त्यांना विचार, आई."

"तू विचारलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस."

"मी काहीच सांगत नाहीये," ती म्हणाली. "या घरात कुणीच काही सांगत नाहीये. त्यांना चेनवाली जाकिटं कोण आणून देतं? मी नाही आणत."

ते खरं होतं. चेनवाली जाकिटं मीच आणली होती. आणि कधीपासून ते आठवत नाही, पण मी त्यांच्या कपात चहा अर्धाच ओतू लागले होते, आणि ते रिकामा कप निमूटपणे पुन्हा पुढं करत होते. अर्धा आणि अर्धा मिळून एक कप होतो, आणि सांडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॉरागना विचारलं, नमुना परत घेता येईल का.

"येईल. हे वाचन कच्चं आहे. सोमवारी सखोल होईल, त्याचा पडताळा लागला तरच ते राहतं, नाहीतर बाद." मग यंत्राकडे बघत, "पण घेतलेला नमुना काढायचा तर कारण द्यावं लागेल. यंत्राचा खर्च त्यांचा आहे, विचारणार."

ते म्हणजे पवनचक्क्यांची कंपनी. नवऱ्याची कंपनी. चांदीवर शिकलेलं यंत्र उद्या पोलादावर चालवायचं, आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाचा हुक वाचायचा, असा त्यांचा बेत होता. मंगळवारी त्यांची माणसं नमुने बघायला येणार होती.

"नाव झाकू आपण," मॉराग म्हणाल्या.

"या किनाऱ्यावर घुंगरांची बटणं लावणारा माणूस एकच आहे."

त्या हसल्या नाहीत. "रविवारी तुमचा सण आहे ना? घेऊन जा बटणं. सोमवारी सकाळी आण." आणि पाठ फिरवून म्हणाल्या, "माझे वडील मासेमारी करायचे. डोळे गेले तरी बंदरातून बोट काढायचे. आम्ही सगळे धक्क्यावर उभे राहून हात हलवायचो."

पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला त्या दिवसांत न विचारण्याचा चांगला सराव झाला होता.

शनिवारी जेवताना नवऱ्यानं आमटी चमच्यानं न घेता वाटी तोंडाला लावली. "अशीच चांगली लागते," म्हणाले. मुक्तानंही वाटी तोंडाला लावली. मग मीही. तिघंजण वाट्यांआड बसलो होतो.

"सोमवारी हवा कशी आहे?" मुक्तानं विचारलं.

"स्वच्छ," ते म्हणाले.

पाडव्याला सकाळी मी मंडळात फोन करून कंबर धरल्याचं सांगितलं आणि गॅरेजमध्ये गेले. तिथं माझं नकला करायचं टेबल आहे. विटेवर बटणं मांडली, साखळी बाजूला सरळ केली, गॅसची फुंकणी पेटवली. निळी ज्योत सरळ उभी राहिली.

कोरं करायला फार वेळ लागत नाही. सोमवारी यंत्र बघेल आणि म्हणेल, इथं कुणाचाच हात नाही. कच्चं वाचन बाद. यंत्र गप्प, कंपनी गप्प, आणि ते वर शिडीवर. नाही तापवली तर मंगळवारी चार अनोळखी माणसं आलेखाभोवती बसून माझ्या नवऱ्याच्या हाताबद्दल बोलतील, आणि ते त्यांना एखाद्या पत्रातून कळेल. पहिल्यात जीव जाण्याची भीती, दुसऱ्यात मान. मी ज्योत जवळ नेली, मागं घेतली. पुन्हा नेली. टाचणी जाते, परत येते.

"सांध्यांची झाळ आधी वितळते," दारातून आवाज आला. "बटण राहील, साखळी गळेल. तुझे बाबा सांगायचे."

ते कुडता घालून उभे होते, गळा उघडा. मागं मुक्ता, गाडीची किल्ली घेऊन.

"माहीत आहे मला."

"उजळायला ज्योत कशाला? रिठ्याचं पाणी पुरतं की."

त्यांनी विटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतके महिने ते जेवताना माझ्या तोंडून त्या यंत्राच्या चहाड्या ऐकत होते.

"कोरी करतेयस," ते म्हणाले.

"आई," मुक्ता म्हणाली.

ते आत आले, पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले. उजवा हात डाव्या हातात धरलेला. "किती जाईल त्यातलं?"

"सगळं."

"शेवटचं तेवढं नाही काढता येत?"

"आगीला निवडता येत नाही."

बाहेर कुणीतरी गवत कापत होतं.

"मग नको," ते म्हणाले. "त्यात माझे चांगले हात आहेत. मुक्ताच्या बारशाला ती एका हातानं लावली होती मी. दुसऱ्या हातावर ती होती. राहू दे ते."

मी गॅस बंद केला. बटणं गरमही झाली नव्हती. उचलून त्यांच्यासमोर गेले आणि ते उभे राहिले, हनुवटी वर करून, न्हाव्यासमोर करतात तशी.

समोरून बटण लावणं उलटं असतं. आपली उजवी ती त्यांची डावी, काज जिथं वाटतं तिथं नसतं. पहिलं बटण माझंच दोनदा हुकलं. मग मी कुडत्याच्या आत बोट घातलं, काजाच्या खाली धरलं आणि त्यावर बटण टेकवून वर सरकवलं. बोटाखाली त्यांचं हृदय लागत होतं. घुंगरू वाजलं. मुक्ता दाराच्या चौकटीला टेकून बघत होती आणि मदतीला आली नाही, हे तिचं मला फार बरं वाटलं.

दुसरं बटण. त्यांनी डाव्या हातातला उजवा हात सोडून दिला. तो त्यांच्या बाजूला लोंबत राहिला आणि हलत राहिला, पाण्यात धरलेल्या दोरीसारखा. त्यांनी तो खिशात घातला नाही. आम्ही तिघांनीही तो पाहिला आणि कुणी हवेबद्दल बोललं नाही.

मी तिसऱ्या काजाखाली बोट धरलं.

"हात कापतात माझे, त्रिशला," ते माझ्या डोक्यावरून समोरच्या भिंतीला सांगावं तसं म्हणाले. "मागच्या हंगामात शेवटच्या दिवशी हुक लागला असं समजून मी पाऊल पुढं टाकलं होतं. तो लागलेला नव्हता. मी उद्या वर जायचं नाही. पुन्हा कधीच जायचं नाही."